कुसुमआत्याचं बोट

बुधवार, अमावस्या. जेवणानंतर

आज जुईचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "तुमची पोरगी हावरट नाही. पोट भरल्याचा निरोप तिच्या मेंदूला पोचतच नाही. जनुकातला दोष आहे, तुमच्याकडून आलाय." माझ्याकडून! मग आमच्या घराण्यात आधी कुणाला होता?

उत्तर माहीत असूनही जुळे सोलापुरातलं घर येईपर्यंत रिक्षात स्वतःला विचारत राहिलो. कुसुमआत्या. मी शाळेत जायच्या आधीच ती गेली. एकच आठवतं, जेवण संपलं की ती रिकाम्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवत बसायची, गोल गोल. घरात तिला बकासूर म्हणायचे. आईने भाकरीच्या डब्याला कुलूप लावलं होतं. ती गेल्यापासून दर अमावस्येला आई तिच्या नावाची भाकरी गच्चीच्या कठड्यावर ठेवते. उपाशी गेली म्हणून.

जुईने आत्याचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही. तरी तेच बोट, तीच कड. हेही रक्तातून येतं? डॉक्टरांना विचारायचं राहिलं. की भीती वाटली?

मघाशी आई ती भाकरी घेऊन गच्चीकडे निघाली आणि दारातच थबकली. जुईचं बोट ताटाच्या कडेवर फिरत होतं. आई माघारी आली, भाकरी जुईच्या ताटात ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, "सावकाश जेव की, कुसुम. डब्याचं कुलूप काढलंय."

मी म्हणणार होतो, आई, अगं ही जुई.

पण बोट थांबवून जुईनेच ओ दिली.