पाटीच्या दगडाचं घर

हार्लेम,
१८ नोव्हेंबर २०२०

तीर्थरूप बाबांस,
भार्गवीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही तिघं इथे बरे आहोत. गौरवचं ऑफिस मार्चपासून जेवणाच्या टेबलावर आहे, त्यामुळे आम्ही सोफ्यावर बसून जेवतो. रेवा माझं मराठी ऐकते आणि डचमध्ये उत्तर देते. तुम्ही दोघं जपून राहा. रवींद्रकाका कितीही म्हणाले तरी त्यांच्याकडे पत्ते खेळायला जाऊ नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, कानाला मशीन लावायचं नाही आणि टपालाचा सध्या भरवसा नाही, म्हणून हे पत्र हाताने लिहून त्याचा फोटो आईच्या मोबाइलवर पाठवते आहे. तुमचंही असंच येऊ दे.

आता खरी बातमी. लग्नानंतर पहिल्यांदाच मला आर्किटेक्टचं म्हणता येईल असं काम मिळालं. आमच्या मागच्या गल्लीत बाकर नावाच्या वृद्ध बाई राहतात. त्यांचे वडील तैवानमधल्या किलुंग बंदरात जहाज कंपनीचे एजंट होते. तेव्हा तैवान जपानच्या ताब्यात होतं. तिथल्या एका जपानी फोटो स्टुडिओकडून त्यांनी घरांची छायाचित्रं विकत घेतली, बरीचशी काचेच्या प्लेटांवरची. बाईंना ती दान करायची आहेत, पण कशात काय आहे हे नीट लिहून काढणारं कोणी नव्हतं. त्यांनी मला विचारलं. मी कोट घालून, खिडक्या उघड्या ठेवून त्यांच्या पुढच्या खोलीत बसते. त्या स्वयंपाकघरातून चहा दाराशी ठेवून परत जातात.

बाबा, काय घरं आहेत ती. सखल भागात चिनी वळणाची, अंगणाला तिन्ही बाजूंनी धरून बसलेली विटांची घरं, छपराची टोकं पाकोळीच्या शेपटीसारखी उचललेली. एका बेटावर वादळाच्या भीतीने खड्ड्यात उतरवलेली, नुसतं छप्पर वर दिसणारी. आणि दक्षिणेच्या डोंगरात पाटीच्या दगडाची घरं: भिंत, छप्पर, जमीन सगळं त्याच काळ्या फरशांचं. आपल्या माणसांना तिथे घरातल्या जमिनीखालीच पुरत असत. जपानी सरकारने ते बंद करायला लावलं. घराकडे बघताना आधी पाणी कुठून वाहून जातं ते बघायचं, हे तुम्ही शिकवलेलं. मी अजून तसंच बघते.

आईला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो पत्रातूनही कळू दे.

आपली,
भार्गवी

*

कोल्हापूर,
२ डिसेंबर २०२०

चि. सौ. भार्गवी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. अक्षर बिघडलं आहे. तुझी आई बातमी ऐकून शेजारी सांगत सुटली की मुलीला म्युझियममध्ये नोकरी लागली. मी तिला समजावलं की एका म्हातारीच्या दिवाणखान्यातली अडगळ आवरायचं काम आहे. मोलकरीण झाडते, तू वर्णन करतेस, एवढाच फरक.

राग मानू नकोस. कॉलेजात तू माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी होतीस, हे मी तेव्हा बोललो नाही आणि आता बोलून उपयोग नाही. नंतर तू एका परवान्यावर नवऱ्याच्या मागे गेलीस. त्या परवान्यावर तुला डिपेंडंट म्हटलंय. सरकारी भाषा कधीकधी फार अचूक असते.

छायाचित्रांबद्दल मात्र लिहीत जा. पाकोळीची शेपटी वगैरे कविता नको. दाराची उंची शेजारी उभ्या माणसावरून काढ. फरशी फरशीवर किती चढवली आहे ते बघ. छपराला खांब कुठे येतात ते काढून पाठव. दगडी घरांवरचं माझं पुस्तक येऊन तीस वर्षं झाली. त्यानंतर या विषयाला मराठीत कोणी हात लावलेला नाही. लावण्याच्या लायकीचं कोणी उरलंही नाही.

माझी प्रकृती उत्तम. पत्त्यांना जातो आणि जाणार. जावईबापूंना आशीर्वाद, नातीला मराठी शिकव.

तुझा,
दामोदर

*

हार्लेम,
३१ जानेवारी २०२१

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आठ आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं, म्हणून उत्तराला उशीर. इथे आता संचारबंदी आहे, शाळा बंद, घरी एकच पाहुणा चालतो. बाकरबाईंचा या आठवड्यातला पाहुणा मीच.

तुम्ही मागितलेली मापं सोबत आहेत. पण ती काढताना एक गोष्ट सापडली, ती आधी सांगते. एका प्लेटवर पाटीच्या दगडाच्या घरापुढे पाच जणांचं कुटुंब उभं आहे. दुसऱ्या प्लेटवर एक रिकामं घर आहे. खाली जपानीत लिहिलंय (अर्थ फोनवर काढला), 'रहिवाशांनी सोडून दिलेलं घर', आणि गाव निराळं. ते निराळं नाही, बाबा. दारावरच्या मोठ्या फरशीला डावीकडे जी चीर गेली आहे, ती दोन्हीकडे तंतोतंत तीच. मागच्या डोंगराची कड तीच. दुसऱ्या चित्रात छपराच्या फरशा उतरवून कडेला रचून ठेवल्यात आणि आतली जमीन उखडलेली दिसते. सोडून जाणारी माणसं आपल्या मेलेल्यांवरची जमीन उखडून जात नाहीत. पहिल्या चित्रात उघड्या दारातून दिसणारा मधला कोरीव खांब, ज्यावर त्यांचा पूर्वज असतो, तो तिथे नाही. तो तिसऱ्या एका चित्रात सापडला. कुणा अधिकाऱ्याच्या बैठकीच्या खोलीत, खुर्चीशेजारी. त्यावर टोपी अडकवली आहे.

मी हे बाकरबाईंना दाखवलं. त्यांनी लायडनला राहणाऱ्या एका तैवानी अभ्यासक बाईंना कळवलं. त्यांच्या आजीचं गाव त्याच खोऱ्यातलं. त्या आल्या, अंगणात उभ्या राहिल्या, आणि मी खिडकीच्या काचेला चित्रं लावून दाखवली. त्यांनी एकेक चित्र जवळ येऊन पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या की आधी आमच्या गावातली म्हातारी माणसं बघतील, त्यांचं काय ते ठरेल, तोवर हे कुठेही छापून येऊ नये. बाकरबाईंनी शब्द दिला. मीही दिला.

तुम्हाला एकट्याला दाखवायची परवानगी मी मागून घेतली. माझं बघणं बरोबर आहे की नाही हे सांगेल असं दुसरं कोणी मला माहीत नाही. तिन्ही चित्रं सोबत जोडली आहेत. कृपा करून कोणाला दाखवू नका.

आशीर्वाद असू द्या, आणि या खेपेला थोडं कौतुकही.

आपली,
भार्गवी

*

कोल्हापूर,
१४ फेब्रुवारी २०२१

चि. सौ. भार्गवी हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तीनही चित्रं पाहिली. चीर सारखी दिसते म्हणून घर एकच, हा तर्क गृहिणीचा झाला. कपाट हललं, फुलदाणी कुठे गेली, टोपी कोणी अडकवली. पाटीच्या दगडाला अशा चिरा शंभर जातात. खांबाचंही तसंच. तुला अन्याय हवा होता, तो सापडला.

तरी मी अजून नाही म्हणत नाही. मोबाइलवरच्या या टिकल्यांवरून मत देणं माझ्या सवयीत नाही. मोठ्या आकारातल्या प्रती पाठव, तुझं सगळं टिपणही पाठव, इंग्रजीत नको, मराठीत. मग तपासून सांगतो. कौतुक मागून मिळत नसतं, हे तुला शाळेत असताना एकदा सांगितलं होतं.

बाकी क्षेम. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, त्याबद्दल ती तुला वेगळं लिहीलच.

तुझा,
दामोदर

*

हार्लेम,
२५ एप्रिल २०२१

बाबा,
नमस्कार.

काल माझ्या मैत्रिणीने, नंदाने, पुण्याहून एका त्रैमासिकाचा अंक मोबाइलवर पाठवला, तुझ्या बाबांचा लेख किती सुंदर झालाय म्हणून. मी तो उभ्यानेच वाचला. 'सोडून जाणारी माणसं आपल्या मेलेल्यांवरची जमीन उखडून जात नाहीत.' हे वाक्य तुम्ही आहे तसं ठेवलंत. टोपीचंही ठेवलंत. तपासायला म्हणून माझ्याकडून मागवलेलं सगळं टिपण ठेवलंत, फक्त 'मी' हा शब्द आता तुमचा आहे. तिन्ही छायाचित्रं पानभर छापली आहेत. माझं नाव कुठेही नाही, आभारांतही नाही. ज्या तर्काला तुम्ही गृहिणीचा म्हणालात, त्याला संपादकांनी 'आयुष्यभराच्या व्यासंगाचं फळ' म्हटलंय.

अंक त्याआधीच फिरत फिरत लायडनला पोचला होता. त्या बाईंच्या गावात माणसांनी आपल्या पणजीचं उखडलेलं घर आधी फोनवर बघितलं, अनोळखी लिपीतल्या मजकुराबरोबर. बाकरबाईंनी आज मला बोलावलं. घरात घेतलं नाही. दाराशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या, दीड मीटरवर. चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाल्या की कामासाठी दिलेली घराची किल्ली इथे खुर्चीवर ठेवलीत तर बरं होईल. मी सांगितलं की वडिलांनी केलं. त्या म्हणाल्या की दाखवलं तुम्ही होतंत. आवाज जरासुद्धा चढवला नाही. मला वाटत होतं की त्यांनी चढवावा.

तुम्ही संपादकांना लिहून खरं काय ते कळवा. नाही कळवलंत तर मी कळवीन.

भार्गवी

*

कोल्हापूर,
२ मे २०२१

चि. सौ. भार्गवी हिस,
आशीर्वाद. वि. वि.

बापाला धमकी देणारं पत्र आमच्या घराण्यात पहिलंच. जपून ठेवतो.

जे तुला दिसलं ते कोणाच्या डोळ्यांनी दिसलं? दाराच्या पट्टीकडे बघायचं, पाण्याची वाट बघायची, हे तू आईच्या पोटातून शिकून आली नव्हतीस. भार्गवी अमुकतमुक, गृहिणी, हार्लेम, असा लेख कोणी छापला असता? तुझा शोध ड्रॉवरमध्ये मेला असता. मी त्याला नाव दिलं. इतक्या वर्षांनी लोक मला फोन करतायत आणि मला ऐकू येत नसलं तरी तुझी आई सांगते की ते रडवेले होतात. तुला एवढंही बघवत नाही?

त्या म्हाताऱ्या बाईने किल्ली काढून घेतली, बरं झालं. नाही तरी तिथे तू अडगळच आवरत होतीस. संपादकांना हवं तर लिही. ते माझे विद्यार्थी आहेत.

चार दिवसांपासून कणकण आहे, खोकलाही. रवींद्र गेल्या आठवड्यात गेला, हे तुला कळलं असेलच. जास्त लिहवत नाही.

दामोदर

*

हार्लेम,
११ मे २०२१

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईचा काल फोन आला, तुम्हाला ऑक्सिजन लावलाय म्हणाली. इथून विमानं बंद आहेत. गौरवने सगळीकडे विचारून पाहिलं, काही जमत नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी रागाने संपादकांना लिहिलं. ते मी परत घेते, आज त्यांना तसं कळवते. लेख तुमच्याच नावावर राहू दे. तुम्ही म्हणालात ते एका बाबतीत खरं आहे, बघायला मला तुम्हीच शिकवलं. माझा राग गेलेला नाही, पण तो तुम्ही घरी आल्यावर आपण बघू. आत्ता तुम्ही फक्त श्वास घ्या. माझ्याबद्दल मनात काही ठेवू नका. मी काही ठेवलेलं नाही.

आई, हे त्यांना दाखव. वॉर्डातल्या फोनवरून चित्र दिसतं ना, तर याचा प्रिंट काढून कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धर.

आपली,
भार्गवी

*

कोल्हापूर,
६ जून २०२१

चि. सौ. भार्गवी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ह्यांचे दिवस झाले. श्रीधरने सगळं केलं, भाचा असून मुलासारखं. आम्हाला तोंड पाहायला मिळालं नाही, फक्त पिशवीवरचं नाव वाचायला दिलं. मी आता बरी आहे. गुडघे तसेच. तू रडून रडून आजारी पडू नकोस, रेवाकडे बघ.

तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, संपादकांचा फोन आला होता. तू तक्रार मागे घेतलीस, म्हणून ते गोंधळले होते. मी त्यांना सांगितलं की तक्रार खरी आहे, तिची सगळी पत्रं माझ्या मोबाइलमध्ये आहेत, आणि त्यांना ती पाठवली. पुढच्या अंकात पहिल्या पानावर तुझ्या नावाने दुरुस्ती येते आहे. ह्यांच्या पुस्तकातले सगळे नकाशे माझ्या हातचे होते, तू तेव्हा पाळण्यात होतीस. त्यात माझं नाव नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं नाही. आता हा लेख संपादकांना मेल केला तोही मीच. वाक्यं तुझी आहेत हे मला कळत होतं. मला या घरात राहायचं होतं.

दुसरी. तुझं अकरा तारखेचं पत्र मी त्यांना दाखवलं नाही. नर्स रोज दुपारी फोन समोर धरायची. बोलणं त्यांना जमत नव्हतं, पाटीवर लिहायचे. रोज एकच, भार्गवीचं पत्र आलं का. मी मान हलवून नाही म्हणायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी लिहिलं की तिला सांग, आणि पुढे अक्षर लागलं नाही. तेव्हाही पत्र माझ्या हातातच होतं.

जन्मभर हा माणूस ज्याचं त्याच्याकडून घेत आला आणि शेवटी माफीही आयती मिळणार होती. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. मला पश्चात्ताप होत नाही. रात्री झोप लागते. तुला हे कळायला हवं म्हणून लिहिलं.

तुझं नाव आता छापून येईल. तुझ्या हक्काचं आहे, आनंदाने घे. माया आहे तशीच आहे.

तुझी आई,
मालिनी

*

हार्लेम,
२० जून २०२१

आई,

तुझं पत्र पोचलं.

लायडनच्या बाईंचा मेल आला. त्यांच्या गावाने ठरवलंय की चित्रं छापायची नाहीत, तिथे डोंगरात घर पुन्हा बांधायला वापरायची. त्यांनी फक्त मापं मागितली होती, ती मी पाठवली. बाकरबाई रस्त्यात दिसल्या. मी सायकलवरून उतरले, त्यांनी रस्ता ओलांडला.

संपादकांना मी कळवलंय की दुरुस्ती छापू नका. त्यांचा अंक प्रेसला गेलाय म्हणे. गेला असेल. तो मला पाठवू नकोस.

तू मला न्याय दिलास असं तुला वाटतंय. लेख बाबांनी माझ्या हातून घेतला, तेव्हा निदान त्यांना तो हवा होता. पत्र तू माझ्या हातून घेतलंस ते कोणालाच मिळू नये म्हणून. ते मी त्यांना दिलं होतं, आई. ते देणं माझं होतं. तुझं त्यांच्याशी काय राहिलं होतं ते तू तुझ्या शब्दांत त्यांना लिहायचं होतंस, तुझ्याजवळ तीस वर्षं होती.

ते माझी वाट बघत गेले. मी रोज इथून विचारत होते की दाखवलंस का, आणि तू हो म्हणत होतीस.

विमानं सुरू झाली आहेत. गौरव विचारतो की तिकीट काढू का. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. गुडघ्यांसाठी श्रीधरला सांगून डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मंगळवारी जा.

लोभ ठेव असं लिहायची पद्धत आहे. आज ते माझ्याने लिहवत नाही.

भार्गवी