बोटभर वर

३ मार्च

कचेरीच्या भिंतीचा रंग वाळला एकदाचा. उंची मोजायची पट्टी परत लावायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात — चौदा वर्षं नोकरी झाली, तरी खुर्चीवर चढून ड्रिल मारायला फेयझुल्लाच. जुनी भोकं फुटलेली, स्क्रू धरेनात. बोटभर वर नवीन पाडली आणि मोकळा झालो.

या महिन्यात भरती. आठ पालिका पोलीस, त्यांत दोन बायका. पण खरी बातमी वेगळीच: हमदी कोमिसर, आमच्या तुकडीचा वरचा अधिकारी, जूनमध्ये निवृत्त होतोय. जागा एक. माझी नोकरीची वर्षं पुरेशी, लेखी परीक्षा काढलेली, राहिली फक्त तोंडी. आणि कागद स्वच्छ हवा — एक जरी ठपका असला तरी नाव बाद. माझ्यावर एकही नाही. चौदा वर्षं साहेबांच्या पुढेपुढे केलं ते काय उगाच?

संध्याकाळी एल्वानला स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभं केलं. ती सहा वर्षांची होती तेव्हापासूनच्या रेघा आहेत तिथे, सगळ्या माझ्या हाताच्या. डोक्यावर पुस्तक, पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख आणि आकडा — १६१. बायकांना १६० लागतात. "बाबा, वीस वर्षांची झाले मी, अजून किती मोजणार?" म्हणाली. तिचा डिप्लोमा एप्रिलमध्ये हातात पडेल, म्हणून ही भरती हुकतेय. सरकारी परीक्षेचे तिचे गुण या सप्टेंबरपर्यंतच चालतात. दोनांतली एक जागा रिकामी राहिली तर मेमध्ये पुन्हा निघेल.

बायको, मुझेय्यन, म्हणाली, "राहील कशी रिकामी? कुणाची तरी पोर लागेलच की."

मुझेय्यनला नोकरीतलं काही कळत नाही.

१७ मार्च

उद्याची यादी बघितली. बायकांत सात नावं. सर्वांत जास्त गुण कुणाला? सोंगुलला. दोंदूच्या मुलीला! समुद्राकाठी कणसं भाजून विकणारी दोंदू, जिची हातगाडी मी तीनदा उचललीय. आई आमच्यापुढे पळणार आणि लेक आमचाच गणवेश घालणार. छान.

१८ मार्च

भरतीचा दिवस. उमेदवारांनी यायचं अनवाणी, रिकाम्या पोटी. उंचीचे मीटरवरचे सेंटिमीटर आणि वजनाचे किलो यांत दहापेक्षा जास्त फरक नको. एक पैलवान आला होता, त्याने काट्यावर श्वास रोखून धरला. म्हटलं, "बाबा रे, श्वासाला वजन नसतं. कबाब सोडायला हवे होते." सगळे हसले. तो पण हसला, मग बाहेर जाऊन रडला म्हणे.

दुपारपर्यंत पाच बायका गेल्या. दोघी वजनात, तिघी धावण्यात. एक पास झाली. राहिली सोंगुल.

ती सकाळी आठला आली ती टेम्पोच्या मागे गादीवर आडवी पडून. भावाने आणि आईने उचलून खाली ठेवली. हे आम्हाला नवीन नाही. रात्रभर आडवं पडलं की माणूस सेंटिमीटरभर लांबतो, दिवसभर उभा राहिला की परत आखडतो. काठावरची पोरं सगळी अशीच येतात, भाकरीच्या परातीसारखी आडवी. मोजायचा क्रम माझ्या हातात होता. तिला शेवटी ठेवलं.

व्हरांड्यातलं बाकडं आत नेलं. भिंतीला टेकायला लागली तर म्हटलं, "रंग ओला आहे." नव्हता. मग जुन्या फायलींचा गठ्ठा तिच्या हातात दिला — "जरा धर पोरी, कपाट मोकळं करायचंय." तिने धरला. दोन तास. कपाळावर घाम, पण एकदाही खाली ठेवला नाही. मुकाट्याने उभी! याचाच मला जास्त राग आला.

तीन वाजता पट्टीखाली घेतलं. १५९.

"साहेब, सकाळी घरी एकशे एकसष्ट होते."

"घरी सगळेच राजे असतात."

नर्सने आकडा लिहिला. मी सही केली. बायकांची एक जागा राहिली.

१९ मार्च

मुझेय्यनने विचारलं, काल इतके खूश का होता? म्हटलं, कोळंबी ताजी होती.

२५ मार्च

कणीसवालीने वकील केला! पालिकेला पत्र — फेरमोजणी करा, नाहीतर कोर्ट. आमचे संचालक ताजेत्तिन बेय पत्र वाचून पांढरे पडले. या माणसाला वकिलाच्या शिक्क्याची शिळ्या मांसातल्या साल्मोनेलापेक्षा जास्त भीती वाटते.

सकाळी नऊला फेरमोजणी. पुन्हा ती गादी, पुन्हा ती वरात. या वेळी मी एक मिनिटही थांबवलं नाही, वकील घड्याळ घेऊन उभा होता. निघाले १५९.५. अर्धा सेंटिमीटर वाढली म्हणायची, तरी अर्धा कमीच. वकिलाने आकडा टिपून घेतला. पोरगी पट्टीकडे अशी बघत होती जशी पट्टीने तिला शिवी दिलीय.

जाताना वकील म्हणाला, "कोर्टात भेटू."

ताजेत्तिन बेय माझ्याकडे वळले. "आता रे काय?" मी म्हटलं, "साहेब, पट्टीला लाख लावून शिक्का मारू. वर तुमची सही, खाली माझी. निकाल लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मग कोण बोट दाखवतो बघू." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळपर्यंत चारी स्क्रूंवर लाल लाख.

२ एप्रिल

दोंदूची गाडी चौथ्यांदा उचलली. परवाना नाही, नियम म्हणजे नियम. निखारे समुद्रात ओतले, कणसं रस्त्यावर. या वेळी ती पळाली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "माझ्या पोरीची उंची तू खाल्लीस. पचू दे तुला."

म्हटलं, "बाई, तुझ्या पोरीची उंची तूच कमी वाढलीस."

बरोबरच्या पोलिसाला हे इतकं आवडलं की त्याने चहाच्या टपरीवर चार जणांना सांगितलं.

२१ एप्रिल

कोर्टाने स्थगिती दिली नाही. रिकामी जागा पुन्हा निघाली — एक बाई, १८ मेला मोजणी. एल्वानचा डिप्लोमा कालच आला. अर्ज भरला! मुझेय्यन रोज सकाळी हातात घड्याळ घेऊन तिला समुद्राकाठी पळवते. दोघी लाल तोंडाने घरी येतात आणि अख्खा पाव चीजबरोबर संपवतात. जूनमध्ये मी कोमिसर, लेक पोलीस. एकाच घरात दोन गणवेश वाळत पडतील.

९ मे

अक्षर वाकडं येतंय.

एल्वान कागद द्यायला कचेरीत आली. जाताना गंमत म्हणून बूट काढले आणि पट्टीखाली उभी राहिली. "मोजा ना बाबा, सवय होऊ दे." मी हसत सरकपट्टी खाली आणली.

१५९.५.

"टाचा टेकव नीट."

"टेकल्यात."

पुन्हा मोजलं. तेच. तिने आकडा पाहिला, पण तिला वाटलं मी चेष्टा करतोय. गालाला चिमटा काढून गेली.

दार लावलं. शिंप्याची टेप काढली, जमिनीपासून लावली. पट्टीवर शंभर लिहिलंय तिथे माझी टेप १०१.५ दाखवते. बोटभर वर. मीच. खुर्चीवर चढून.

म्हणजे दोंदूची पोरही एकशे एकसष्टच होती.

१० मे

सुचत नाही. शिक्का तोडावा तर गुन्हा, आणि खाली सही माझीच. हात दाखवून अवलक्षण! सांगावं तर माझ्यावर ठपका, कोमिसरपद गेलं. वर ती सोंगुल आत येणार, आणि तिची आई मला बघून कणसं भाजणार.

न सांगावं तर एल्वान.

एल्वानला म्हटलं, जरा थांबूया का पुढच्या वर्षापर्यंत? ती हसली. "गुण संपतात बाबा. आणि एक सेंटिमीटर जास्तच आहे माझा, घाबरता कशाला?"

१४ मे

तोंडी परीक्षा झाली. उपनगराध्यक्ष मधोमध. कलमं विचारली, सगळी आली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "ती मुलगी कोर्टात गेलीय. त्या पट्टीबद्दल तुमचं काय मत?"

एक क्षण होता. खरंच होता. ताजेत्तिन बेय माझ्याकडे बघून मान हलवत होते.

"पट्टी बरोबर आहे साहेब. मीच लावलीय."

"असा माणूस पाहिजे," ते म्हणाले.

१८ मे

बाप म्हणून मोजणीला बसता येत नाही. व्हरांड्यात उभा राहिलो. बाकडं अजून आतच होतं.

दार अर्धवट उघडं. ताजेत्तिन बेयचा आवाज: "एकशे एकोणसाठ... अर्धा. पुन्हा बघू. तेच." मग एल्वानचा: "सर, चुकतंय काहीतरी." मग नर्स: "मुली, पट्टी चुकत नाही."

ती बाहेर आली, मोजे हातात. माझ्याकडे बघितलं. मी यादीकडे बघितलं.

कारकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फेयझुल्लाने पट्टीलाही शिकवलंय — घरचं बिरचं काही ओळखायचं नाही!" ताजेत्तिन बेयने सगळ्यांसमोर मिठी मारली. स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले.

ती घरी चालत गेली.

२० मे

जेवताना म्हणाली, "बाबा, तुमची पट्टी बरोबर आहे?"

"सरकारी पट्टी आहे."

"लावली कुणी?"

"पालिकेने."

मुझेय्यनने चमचा खाली ठेवला. मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोललो, "तू पोक काढून उभी राहतेस. लहानपणापासून सांगतोय." खोटं आहे. या गल्लीत तिच्याइतकी ताठ पोर नाही.

ती उठली, स्वयंपाकघराच्या चौकटीशी गेली. टाचा लाकडाला लावल्या, तळहात डोक्यावर सपाट धरला, वळून बघितलं. बोटं रेघेवर. मग भांडी घासायला घेतली.

मला तिची लाज वाटत होती की माझी, कळलं नाही. माझीच. इथे लिहायला काय हरकत आहे.

२३ मे

मुझेय्यन म्हणते, एल्वान बाजारात त्या सोंगुलशी बोलत उभी होती. दोघी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून मोजत होत्या. बोलू दे.

१ जून

पत्र आलं. कोमिसर! मिठाईचा डबा घेऊन घरी गेलो. कुणी उघडला नाही. उद्या दहाला शपथ, नवीन टोपी.

२ जून

टोपी घालून चहाला गेलो तर स्वयंपाकघराचं दार कलतं. चौकट कापलीय. खालचा भाग जागेवर आहे, सहाव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंतच्या रेघा तशाच. त्याच्या वरचं लाकूड करवतीने काढून नेलेलं, आत नुसत्या विटा.

मुझेय्यन भुसा झाडत होती. तिच्या हाताला फोड आले होते.

"एल्वान कुठे?"

"कोर्टात. दोंदूच्या गाडीवर लाकूड घालून तिघी गेल्या," ती म्हणाली. "तारीख, एकशे एकसष्टचा आकडा आणि अक्षर तुमचंच आहे त्यावर."