खाचरातलं पाणी कुठं गेलं

पुणे, ४ जानेवारी २००६

प्रिय गंगीताई,

नोकरी पक्की झाली. आधी हेच सांगते, म्हणजे बाबांचा जीव भांड्यात पडेल.

गेल्या आठवड्यात मात्र वाटत होतं, सामान बांधून गावी शेणव्याला परतावं लागणार. आम्ही दवाखान्यासाठी एक प्रोग्रॅम करतोय. पेशंटला दिवसाला किती गोळ्या द्यायच्या ते तो सांगतो. तो बरोबर चालतो का, हे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला टेस्ट म्हणतात. ती टेस्ट दोन दिवस नापास होत होती. तीन गोळ्यांच्या जागी दोनच. मी सगळ्यांसमोर म्हटलं, चूक माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रणयच्या भागात आहे. तो बिचारा जेवायलाही उठला नाही.

मग तू आठवलीस. खाचरातलं पाणी आटलं की तू खालच्या बांधापासून वर वर जायचीस, प्रत्येक बांधाशी थांबून पाण्यात हात घालायचीस. मी घाई केली की म्हणायचीस, "थांब गो, पानी कुठं जातं ते हाताला कलतं." चूक शोधायचं आमचं साधन, डिबगर, तेही तसंच. प्रोग्रॅमला ओळीओळीला थांबवायचं आणि आत काय आहे ते बघायचं. मी शेवटापासून मागे निघाले. प्रणयच्या भागात येतानाच गोळ्या दोन होत्या. त्याच्या वर तीन. मधली ओळ माझी होती. यादीतली शेवटची गोळी मोजायची मीच विसरले होते.

गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. माझे उमेदवारीचे सहा महिने पुरे व्हायला चारच दिवस होते. तरी उठले आणि प्रणयसमोरच साहेबांना सांगितलं. आज नोकरी पक्की झाल्याचं पत्र हातात आलं. घरातली पहिली पदवी माझी खरी, पण शोधायचं कसं हे तुझं शिकवणं.

ताई, दहावीच्या वर्षी मला अशी चूक कबूल करणं जमलं नव्हतं. वरच्या बांधाचं भोक बुजवायला बाबांनी मला सांगितलं होतं. मी पुस्तक घेऊन बसले आणि विसरले. दाणा भरायच्या वेळी खाचर कोरडं पडलं, भात पोचट निघालं. भोक तू शोधलंस. काम कुणाचं होतं ते तुला ठाऊक होतं. तरी बाबांना म्हणालीस, "दिपाला नाय, मला सांगितलेलं. माज्याच हातून रायलं." त्या वर्षी त्यांनी तुला म्हशाच्या जत्रेला नेलं नाही. मी गेले, पाळण्यात बसले. परत आल्यावर तू विचारलंस, "किती उंच गेलीस गो?"

पुढच्या शनिवारी जत्रेला येतेय. या वेळी दोघी जाऊ. त्याआधी हे पत्र बाबांना वाचून दाखव, आणि नेहमीसारखं मधलं काही गाळू नकोस.

तुझीच,
दिपा