दिवेलागणीचा सीन

आई, गेल्या हिवाळ्यात अचलपूरजवळच्या एका घरात सिनेमाचं शूटिंग केलं, तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं राहून गेल्यासारखं वाटतंय. तू गेलीस तेव्हा मी नुकताच एका कॅमेरामनच्या हाताखाली लायटिंग शिकायला लागलो होतो. खिडकीला काळं कापड लावून दिवसाची रात्र कशी करतात, हे तुला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. तर तू म्हणालीस, "लोकं उजेड कराले शिकतेत, अन् तू अंधार कराले मुंबईले गेला काय रे?" आता तो अंधार मला चांगला जमतो. त्यावरच माझं पोट आहे.

सीन असा होता. दिवेलागणीची वेळ, स्वयंपाकघरात एकटी बाई, फोन येतो आणि नवरा गेल्याचं कळतं. वाचलं आणि अकोल्याचं आपलं स्वयंपाकघर समोर उभं राहिलं. तू अंबाडी निवडत बसली आहेस, मी दाराशी गणितं सोडवतोय. अमरावतीच्या दवाखान्यातून काकांचा फोन येतो. तू "हो, हो" एवढंच म्हणतेस, फोन ठेवतेस, उठून ट्यूब लावतेस. मग देवापाशी जाऊन काडी ओढतेस, निरांजनापर्यंत नेतेस आणि मध्येच थांबतेस. फुंकर मारून विझवतेस. सुतकात देवापुढे दिवा लावत नाहीत, एवढं मला त्या वयातही ठाऊक होतं. बाबा गेले हे मला कोणी सांगितलं नाही, ती काडी विझली आणि मला कळलं. वर ट्यूबचा पांढराफटक उजेड, कुठे म्हणून सावली नाही, तोंड लपवायला जागा नाही. इतकं भकास मी पुन्हा काही पाहिलेलं नाही. एकदा तरी तो उजेड पडद्यावर आणायचा, हे मी इतकी वर्षं मनात धरून होतो.

दिग्दर्शकाला मात्र निळा अंधार हवा होता. दुःखाच्या सीनला तोच लावतात. बाईचं काम करणाऱ्या मावशी तिथल्याच, पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे आलेल्या. टेक सुरू झाला, फोन आला, मावशींनी तो ठेवला आणि उठून खटकन ट्यूब लावली.

"कट! लाइट कशाला लावलात?" दिग्दर्शक ओरडला.

मावशी गोंधळल्या. "दिवेलागनी झाली न, सायेब. मानूस गेलं म्हनून काय घर अंधारात ठेवा लागते?"

दिग्दर्शकाला बाजूला घेऊन मी तुझी सगळी हकीकत सांगितली, काडीसकट. हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ट्यूबखाली दुःख दिसत नाही रे, सगळं सपाट दिसतं." पालथ्या घड्यावर पाणी. मग मीच स्टुलावर चढून ट्यूब काढली आणि खिडकीबाहेरच्या दिव्याला निळा कागद लावला. पुढच्या टेकलाही मावशींचा हात बटणाकडे गेला. जन्माची सवय ती. शेवटी त्यांना जागेवरून उठूच नका म्हणून बजावलं.

अमरावतीला सिनेमा लागला तेव्हा त्या सीनला लोक डोळे पुसत होते. लायटिंगची वाहवा झाली, त्यावर मला नवी कामंही मिळाली. तिथेही त्यांना तसाच निळा अंधार हवाय. तुझा उजेड आता कोणी मागणार नाही, आणि मागितला तरी मला तो करता येईल असं वाटत नाही.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकतो. हल्ली ती संध्याकाळ आठवायला बसलो की सगळं निळंच दिसतं, आणि अंबाडीपुढे त्या मावशी बसलेल्या असतात. फोटोतला तुझा चेहरा मला आठवतो, आई. त्या संध्याकाळचा आठवत नाही.