कारंज्याच्या अलीकडे

आत्या,

आज रविवार. मी आत्ताच बागेतून आले आहे. पायांना तिथला लाल मुरूम अजून चिकटलेला आहे आणि तो धुवायच्या आधी मी लिहायला बसले आहे. तू असतीस तर आधी पाय धुवायला लावले असतेस. मी आता नागपुरात असते. मुलींच्या शाळेत दुसरीला शिकवते, आणि शाळेजवळच एका खोलीत आम्ही दोघी मास्तरणी राहतो. माझी सोबतीण वयानं माझ्याहून मोठी आहे, खूप हसते, आणि रविवारी दुपार कलली की मला घरात बसू देत नाही. इथली रविवारची संध्याकाळ तू पाहायला हवी होतीस असं लिहिणार होते, पण तेच तर सगळं सांगायचं आहे, म्हणून सावकाश लिहिते.

तू मला अक्षरं सुपात शिकवलीस. नवेगावात मुलींनी शाळेत जायचं ते दिवस यायला अजून वेळ होता. दुपारची भांडी घासून झाली की तू भाताचा बारीक कोंडा सुपात पसरायचीस, तो तळहातानं सारखा करायचीस, आणि चुलीपाशी मला समोर बसवून म्हणायचीस, "चाल वं, बर्डीवर जाऊन येऊ." मग सुपात बोटानं एक सरळ रेघ ओढायचीस. तो बर्डीचा, म्हणजे नागपूरच्या मोठ्या बाजाराचा, रस्ता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं यायची आणि प्रत्येक दुकानावर पाटी असायची. 'शुद्ध तुपाची मिठाई' वाचल्याशिवाय मिठाईच्या दुकानापुढून हलायचं नाही. 'येथे चष्मे मिळतील' मधला ष्म मला आठ दिवस जमला नाही, तर आठ दिवस आपण त्या दुकानापाशीच उभ्या होतो. मध्येच तू माझा खांदा ओढायचीस, "बाजूले हो, टांगा येऊन रायला," आणि मी खरंच चुलीकडे सरकायची. चुलीतल्या निखाऱ्याची ऊब पाठीला लागायची आणि मला वाटायचं, हे नागपूरचं ऊन.

तुझ्या त्या फिरण्यात तुझ्या डाव्या हातात नेहमी डबा असायचा. सूप उजव्या हाताला आणि डावी मूठ उगाच मिटलेली. एकदा मी विचारलं, "आत्या, आपल्या हातात डबा काऊन?" तू म्हणालीस, "बाहेर निंगालं का हातात काई पाह्यजे. रिकाम्या हातानं बाई फिरली तं लोक इचारतात, कुठं चालली म्हनून." मला ते फार पटलं. दुसऱ्या दिवसापासून मीही डावी मूठ मिटून बसायला लागले.

दुकानं संपली की बाग यायची. दारापाशी चिंचेचं मोठं झाड, इतकं जुनं की त्याची एक फांदी दारावर टेकलेली. आत सरळ वाट. डाव्या हाताला वाघाचा पिंजरा, उजव्या हाताला बँडवाल्यांचा गोल चबुतरा, आणि वाटेच्या टोकाला कारंजं. मी कारंजं पाहिलेलं नव्हतं. पाणी म्हणजे मला आपल्या बांधाचा तलाव ठाऊक, पहाटेच्या धुक्यातला, ज्यात डोंगर उलटे दिसतात. तू म्हणालीस, "आपल्या बांधाचं पानी निजून रायते. ते पानी उभं रायते." मी कित्येक रात्री उभं राहिलेलं पाणी डोळ्यांपुढे आणत झोपले. कारंज्यापाशी पोचलं की वाट बांबूच्या बेटामागे वळायची. वळणापलीकडे काय, असं मी विचारलं की तू सूप उचलून एक हिसका द्यायचीस. रस्ता, दुकानं, वाघ, सगळा पुन्हा कोंडा. "पुढचं उद्या," म्हणायचीस. तो उद्या चार वर्षांत आला नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

आता मी रोज त्या बर्डीवरून जाते. संध्याकाळी सायकलींच्या घंटा वाजत असतात, गाडीवर संत्र्यांचे ढीग असतात, आणि बायका दुकानांपुढे उभ्या राहून लुगड्यांचे भाव विचारतात आणि न घेताच पुढे जातात. रविवारी सगळं गाव बागेत लोटतं. हिरवळीवर सतरंज्या पसरून माणसं चिवडा खात बसतात, लहान पोरं वाघाला वाकुल्या दाखवतात आणि तो शेपटीनं माश्या हाकतो. कुणाला घाई नसते. मला हे पाहताना नेहमी अर्धवट झोपेत असल्यासारखं होतं. वाटतं, कुणीतरी आत्ता सुपाला हिसका देईल. पण मी तिथे कधी नुसती बसू शकत नाही. गेल्या पावसाळ्यात इथे आल्यापासून मी दर रविवारी तुझी चिंच शोधते. दाराची डावी बाजू, दाराची उजवी बाजू, कुंपणाची कड. माझी सोबतीण परवा म्हणाली, "बाई, तुमचं फिरणं म्हणजे वह्या तपासणं. झाडाखाली बसायचं सोडून झाडं मोजता." मी तिला कारण सांगितलं नव्हतं. तुला सांगायची गरज नाही, त्या दिवशी अंगणात तू होतीस.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या थंडीत माझे डोळे दुखायला लागले आणि बाबा मला नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. निघायच्या आदल्या दिवशी तू माझी वेणी इतकी घट्ट घातलीस की भुवया वर ओढल्या गेल्या. "चिंच पाहून ये," म्हणालीस, "मंग मले सांग." डॉक्टरकडून निघाल्यावर बाबांनी मला बागेतून नेलं. त्या दिवसाचं मला जे आठवतं ते सगळं आवाजाचं आणि वासाचं आहे. टांग्याची घंटा, वाघाचा उग्र वास, पाण्याची एकसारखी टपटप.

परत आले तेव्हा अंगणात पाचसहा बायका जमल्या होत्या. आपल्या आळीतली पहिलीच मुलगी नागपूर पाहून आली होती. मी वाघाच्या वासाचं सांगितलं, पाण्याच्या आवाजाचं सांगितलं. तू सूप घेऊन ओट्याच्या कडेला बसली होतीस. सुपात कोंडा पसरलेला होता. बहुतेक माझ्या हातून त्यात बाग काढून घ्यायची होती तुला. शेजारच्या काकूनं विचारलं, "का वं, आत्याची चिंच पाह्यली का दारापाशी? का निसत्याच गोष्टी?" तू मान वर केलीस. तुझा चेहरा अगदी हसरा होता. मी म्हणाले, "दारापाशी चिंच नाही. तिथं कोणतंच मोठं झाड नाही."

काकू मांडीवर थाप मारून हसली. "म्हंजे बाई चार वर्सं आमच्या पोरीले सपनातलं नागपूर दाखवून रायली. तरी म्हनलं, इले कोनं नेलं बागेत." सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या. तू म्हणालीस, "असन. इसरली असन मी." आणि उठून कोंडा गाईपुढे ओतून आलीस.

दुसऱ्या दुपारी मीच सूप घेऊन तुझ्यापुढे बसले. तू म्हणालीस, "तू पाह्यलंस ना आता. तूच ने मले." मी बोट कोंड्यात ठेवलं, एक रेघ ओढली, आणि पुढे काय काढायचं ते मला सुचलं नाही. तू कोंडा तळहातानं सारखा केलास. मग म्हणालीस, "जाऊ दे. आता पुस्तकातलं वाच." तू रागावली नाहीस. पुस्तकातलं शिकवत राहिलीस, चांगलं शिकवलंस, पण बर्डीवर आपण पुन्हा गेलो नाही. पुढच्या वर्षी भात कापणीच्या दिवसांत तुला ताप आला आणि चौथ्या दिवशी तू गेलीस.

इतकी वर्षं मी मनाशी एकच म्हणत आले, की मी खरं बोलले. खोटं बोलू नये हे तूच शिकवलंस. यंदा दिवाळीला घरी गेले तेव्हा बाबांना विचारलं, आत्या नागपुरात किती दिवस होती? बाबा विडी विझवून म्हणाले, "तीन महिने. तिचा नवरा दवाखान्यात होता. ती धरमशाळेत राहून दोन वेळा डबा पोचवे. धरमशाळा ते दवाखाना, तेवढंच नागपूर तिचं. बागेत कोण नेते तिले?" मग आत जाऊन आईनं तुझा तो दोन खणांचा पितळी डबा काढून मला दिला, शाळेत न्यायला. त्या रात्री मला आधी बरं वाटलं. म्हणजे तू बाग पाहिलीच नव्हतीस आणि मी चुकले नव्हते. मग त्या बरं वाटण्याचीच मला इतकी शरम वाटली की झोप आली नाही.

आज तुझ्याच डब्यात पोहे घेऊन आम्ही बागेत गेलो. एक म्हातारा माळी गुलाबांना झारीनं पाणी घालत होता. मी त्याला चिंचेचं विचारलं. तो म्हणाला, "चिंच पाडायची मनाई हाय, बाई."

माझी सोबतीण म्हणाली, "या बाईंना चिंच खायची नाही. हजेरी घ्यायची आहे तिची."

"मंग हजर हाय," माळी म्हणाला. "पिंजऱ्याच्या मागून दवाखान्याच्या रस्त्यावर निंगा. पहले दरवाजा वहींच होता. लढाईच्या टाइमाले बंद केला, अन् हा नवा केला."

सोबतिणीला बाकावर बसवून मी गेले. बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं. तिथे गंजलेलं लोखंडी दार आहे, साखळी घातलेलं, आणि त्यावर चिंचेची एक फांदी टेकलेली आहे. मी झाडाला हात लावला. मग दाराशी उभी राहिले आणि गजांमधून आत पाहिलं. सरळ वाट. डाव्या हाताला पिंजरा, उजव्या हाताला चबुतरा, टोकाला कारंजं. उन्हात पाणी उभं होतं. कारंज्यामागे बांबूचं बेट, आणि त्यापुढचं त्या दारातून काही दिसत नाही.

सगळं जिथल्या तिथे होतं, आत्या. पण तेवढंच होतं. चार वर्षं तू मला जे जे दाखवलंस ते सगळं त्या एका जागेवरून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार न देता दिसतं. तू आत गेली नव्हतीस. दवाखान्यातून रिकामा डबा घेऊन परतताना तू तिथे थांबत असशील. किती वेळ, ते मला माहीत नाही. डबा हातात होता म्हणून कुणी विचारलं नसेल, कुठं चालली. तुझा नवरा दवाखान्यात मरत होता आणि तू दोन गजांमधून बँड ऐकत होतीस, आणि त्या थोड्या थोड्या वेळांतून तू पुढे मला एवढं मोठं शहर काढून दिलंस. माझ्या डाव्या हातात तुझा डबा होता हे मला तेव्हा लक्षात आलं. रस्त्यानं एक टांगा गेला, तर मी बाजूला झाले.

परत आले तेव्हा सोबतीण म्हणाली, "सापडली ना? आता तरी कारंज्यापलीकडे चला. तिकडे शेवंती फुललीय, अजून पाहिली नाहीत तुम्ही."

माझ्या तोंडून निघालं, "पुढचं उद्या."

"उद्या सोमवार आहे, बाई. उद्या शाळा आहे." ती हसली आणि एकटीच जाऊन शेवंती पाहून आली.

एवढं लिहून थांबणार होते. तू चूक नव्हतीस, हे तुला कळवायचं होतं, आणि दार बदललं होतं म्हणजे मीही चूक नव्हते, असं शेवटी लिहायचं मनात होतं. ते वाक्य लिहूनही झालं होतं. मी ते खोडलं आहे. पाकिटावर घालायला पत्ता नाही, म्हणून हा कागद तुझ्या डब्याच्या वरच्या खणात ठेवीन, आणि तिथे खोटं ठेववत नाही.

डॉक्टरनं त्या दिवशी माझ्या डोळ्यांत औषध घातलं होतं. संध्याकाळपर्यंत मला सगळं पांढरं आणि पाणावलेलं दिसत होतं आणि उन्हाकडे पापणी उचलवत नव्हती. बाबांच्या सदऱ्याचं टोक धरून, खाली मान घालून मी ती बाग पार केली. वाघ मी पाहिला नाही. कारंजं पाहिलं नाही. अंगणात सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या आणि इतक्या लांब जाऊन मला काहीच दिसलं नाही, हे सांगायची लाज वाटली. तू विचारलं असतंस तर कदाचित सांगितलं असतं. पण काकूनं विचारलं, आणि मी चिंच नाही म्हणाले. मी डोळे उघडलेच नव्हते, आत्या.