पुसून दिलेली गाडी

जाफराबाद,
२६ नोव्हेंबर

ती. बद्रीदादास,

रेणुकाचा नमस्कार. तू, वहिनी, छोटी अर्पिता बरे असाल. इकडं कापूस वेचून होत आला. अण्णांचा हात तसाच थरथरतो. आई बरी आहे. मी त्या दिवशी फोन मधेच ठेवला, त्यानंतर तू उचलून न्हाई राह्यला, म्हणून लिहिते.

गेल्या साली तू अण्णांना दिलेली तुझी जुनी चारचाकी गाडी दसऱ्यापासून तेल गाळत होती. अण्णा वरून तेल ओतत राह्यले. पोरानं दिलेली गाडी गॅरेजात दाखवायची त्यांना लाज. या महिन्यात मंग घरीच तेल अडवणारे सील बदलायचं ठरलं. सारी उमर त्यांची विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. आता ते बाजेवरून सांगणार, हात माझे. सामान जुन्या जालन्यातून आणलं.

इंजिनाचं वरचं झाकण काढलं. जुनं पॅकिंग वाळून कडक झालेलं. ते बदलायचं सोडून न्हाणीच्या फटीत भरतात तो चिकट मसाला फासलेला, बोटांचे ठसे दिसत होते. बाहेरून मात्र चकाचक पुसलेलं. खालचं तेलाचं चेंबर उतरवलं तर त्याच मसाल्याच्या तुकड्यांनी तेल ओढणारी जाळी तुंबलेली, तुकडे शेंबडासारखे. मी नखांनी खरवडले. साबण लावून लावून हात सोलले, तरी भाकरीला तोच वास.

अण्णांनी एक तुकडा हातात घेऊन पाह्यला. गॅरेजवाल्याचं काम असंल, म्हणाले अन् तोंड फिरवलं. मलाही तसंच असावं वाटत होतं, म्हणून तुला फोन लावल्ता. तू हसलास.

"विकायला काढल्ती, म्हणून लावलं. गिऱ्हाईक मिळालं न्हाई, मंग अण्णांना दिली. गावात फिरायला चालते की."

माझे हात तेलाचे होते दादा, फोन स्पीकरवर होता. अण्णा बाजेवरच बसले होते.

हार घालून दिल्तीस तू ती गाडी.

वर आई बरी आहे लिहिलं, ते तिनंच सांगितलं, त्याला घोर नको म्हणून. दिवाळीच्या पाडव्याला तिच्या छातीत कळ आली. जालन्याच्या दवाखान्यात न्यायला मी गाडी काढली. राजूरच्या अलीकडं तेलाचा लाल दिवा लागला, धूर निघाला, इंजिन बंद करावं लागलं. आई घामानं भिजलेली. एका काळीपिवळी जीपवाल्यानं माणसं उतरवून तिला सीटवर झोपवलं. ओळख ना पाळख, एका बाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आईची ओकारी आपल्या पदरानं पुसली. हार्टचं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या.

त्या ओकारीची मला किळस आली न्हाई. तुझ्या हसण्याची आली, अजून येते. जेवताना मधेच आठवतं अन् घास फिरतो.

सील बसले. कडेला तेल लावून, पाइपाच्या तुकड्यानं हळूहळू ठोकून बसवले. आता खाली थेंब पडत न्हाई. काल अण्णांना राजूरच्या गणपतीला नेल्तं. नारळवाल्या बिभीषणकाकांनी विचारलं, थोरल्यानं दिली ती हीच का गाडी. वर्षभर अण्णा सगळ्यांना तेच सांगत आले होते.

"पोरीची हाये," अण्णा म्हणाले, अन् नारळ निवडायला लागले.

आईला भेटायला ये. एसटीनं ये अन् स्टँडवरून चालत ये. मी घ्यायला येणार न्हाई.

आई-अण्णांजवळ असलेली,
रेणुका