कार्ड मशीनवरचं कुंकू

१४ ऑक्टोबर २००७, रविवार
कॉव्हेंट्री

पुढच्या रविवारी दसरा, आणि मी आज दुकानात कार्ड मशीनवरचं कुंकू ओल्या कापसाने पुसत बसले होते. कार्ड कंपन्यांनी कार्डावरची फी जास्त लावली म्हणून दुकानदारांनी कोर्टात दावा केला होता, त्यात आता सेटलमेंट झालीय. भरपाई आम्हालाही मिळू शकते, पण फॉर्मवर मर्चंट नंबर, म्हणजे कार्ड कंपनीने दुकानाला दिलेला नंबर, हवा. तो मशीनच्या स्टिकरवर, आणि स्टिकरवर सात दसऱ्यांचं कुंकू! घासलं, तर शेवटचे आकडेच निघून आले.

हे काउंटरमागून हसले. "जे मशीन आपल्याला लुटत होतं, त्याचीच तू पूजा करत होतीस!"

रागच आला मला. मशीनचा काय दोष?

"नंबर कार्ड कंपनीच्या स्टेटमेंटवर असेल," म्हणत यांनी खालचा ड्रॉवर उघडला. दर महिन्याचं एकेक पाकीट, वर्षावर्षाचे रबरबँड लावलेले गठ्ठे. एकही फोडलेलं नाही. पहिल्याच पाकिटात नंबर सापडला. त्याच्या खालीच फी, ठळक अक्षरांत. लपवली होती कुठे कुणी?

मग हे हसायचे थांबले.

फॉर्म भरला. पैसे आमचेच आहेत, सोडायचे कशाला? पण ती पाकिटं काही डोक्यातून जात नाहीत. कुंकू लावायला दर वर्षी वेळ काढला मी. पाकीट फोडायला एकदाही नाही.

यंदा पूजेत मशीनशेजारी ती पाकिटंही मांडायची, पण वाचून. चहा घेऊन बसलेय. तिसरं फोडलंय.